एका क्रियापदाच्या बांधावरून

निवडणुका लागल्या की मराठी वर्तमानपत्रांत जो तो काहीतरी बांधायला लागतो. उमेदवार मोर्चेबांधणी करतात, नेते विरोधकांची मोट बांधतात, कुणी गड राखण्याचा चंग बांधतो, कार्यकर्ते कंबर बांधतात. तिकिटाच्या आशेवरचे गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेले असतात. तिकीट गेलं की तेच लोक संध्याकाळपर्यंत मनगटावर घड्याळ नाहीतर शिवबंधन बांधून मोकळे होतात. (बांधून मोकळे! असली कसरत करताना आमची भाषा जराही अडखळत नाही.)

मी बरीच वर्षं बातमीदारांची कॉपी तपासण्याचं आणि मथळे देण्याचं काम केलं. 'मोर्चेबांधणी' हा शब्द दोन कॉलमांत नेमका बसायचा, त्यामुळे तो आमच्या सगळ्यांचा लाडका. कुणाचं काय चाललंय हे नक्की कळलेलं नसलं की 'जोरदार मोर्चेबांधणी' असं ठोकून द्यायचं. मुळात मोर्चा म्हणजे किल्ल्याला वेढा घालताना तोफांसाठी आणि गोलंदाजांच्या आडोशासाठी माती रचून केलेली जागा. तो मोर्चा चालत नसे, एका जागी ठाण मांडून बसे. आजचा मोर्चा शिवाजी पार्कपासून निघतो आणि आझाद मैदानाकडे जातो. मात्र मोर्चा काढायच्या आधी तो बांधावा लागतो, एवढं त्या जुन्या जोडशब्दात शिल्लक राहिलंय.

आपल्याकडे माणसं एकत्र आणण्यासाठी रोजच्या वापरातलं क्रियापद आहे ते 'जमवणं'. गर्दी जमवतात, पैसे जमवतात, लग्नही जमवतात. जमवलेली गोष्ट आपापली पांगते, त्यासाठी कुणाला काही करावं लागत नाही. सभा संपली, वडापाव संपला, ट्रक निघाले की मैदान रिकामं. 'बांधणं' याच्या पुढचं आहे. पक्ष जमवला असं कुणी म्हणत नाही, पक्ष बांधला म्हणतात. संघटना बांधतात, युनियन बांधतात. हेच क्रियापद आपण घराला वापरतो, गाठोड्याला वापरतो, शेताच्या कडेला वापरतो, जखमेवरच्या पट्टीला वापरतो आणि गोठ्यातल्या गाईलाही वापरतो. यातला शेवटचा वापर लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचंय.

माझं आजोळ अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटात. तिथे बांधणं म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. धरमतरच्या खाडीकाठची ही भातशेती भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. समुद्राकडून हिसकावून घेतलेलीच जमीन ती. खाडी आणि शेत यांच्यामधे खाडीच्याच चिखलाचा लांबलचक बांध आणि त्यात ठिकठिकाणी उघाड्या. ओहोटी लागली की उघाडीचं झापड शेतातल्या पावसाच्या पाण्याच्या रेट्यानं उघडतं. भरती आली की खाडीच्या रेट्यानं ते आपसूक मिटतं. यंत्र म्हणावं तर एवढंच. बाकी सगळी माती आणि माणसं.

पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाला बांधाला खांड जाते. खेकड्याच्या बिळातून आधी बोटभर धार लागते, मग हातभर, आणि तासाभरात बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडतं. खारं पाणी एकदा शेतात बसलं की पुढची दोन-तीन वर्षं तिथे भात धड येत नाही. पावसानं जमीन धुऊन निघेपर्यंत वाट बघायची. आणि पाणी शिरताना सात-बारा बघून शिरत नाही. खांड माझ्या शेताशी गेली तरी बुडतं तुझंही.

लहानपणी एकदा मी हे जवळून पाहिलं. कुणीतरी धावत आलं, 'बांद फुटला' असं ओरडलं आणि जेवणाच्या पानावरून माणसं उठली. कुणाच्या शेताशी, हे कुणी विचारलं नाही. आधी भेंड्याच्या फांद्या आणि पेंढा खांडीच्या तोंडाशी दाबला, त्यावर दगड, मग चिखल. खाडीच्या अंगाला कमरेइतक्या पाण्यात उभी असलेली माणसं फावड्यानं चिखलाचे गोळे कापत होती. भाकरीच्या परातीत मावेल एवढा एकेक गोळा. तिथून बांधापर्यंत बायका-पुरुषांची एक रांग, आणि गोळा या हातातून त्या हातात. फेकायचा नाही, फेकला की फुटतो. माझ्याकडे काम होतं पाण्याची कळशी फिरवायचं. मामा खांडीच्या तोंडाशी, मानेपर्यंत चिखलानं माखलेला, दर थोड्या वेळानं खाडीकडे बघत होता. दोन भरत्यांच्या मधे बारा-साडेबारा तास असतात आणि त्यातले कामाचे म्हणाल तर चार-पाच. पाणी परत फिरायच्या आत तोंड बुजलं पाहिजे. रात्री मी मामाला विचारलं, आपलं शेत तर तिकडे लांब आहे, मग आपण का गेलो? मामा म्हणाला, "बांद गेला तं गाव गेला." आणि कूस बदलून झोपला.

या कामाला तिकडे जोळ म्हणत. ज्याची जमीन बांधाच्या आत, त्याच्या घरातून माणूस आलाच पाहिजे. मजुरी नाही आणि आभारही नाहीत. ज्याच्या घरचं कुणी आलं नाही त्याची चर्चा होई, आणि छोट्या गावातली चर्चा ही काय चीज असते ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल.

हे सगळं इतकं तपशिलात सांगण्याचं कारण पोयनाडजवळचं चरी हे गाव. चरीचा संप महाराष्ट्राला माहीत असायला हवा तेवढा माहीत नाही. खोतांची जमीन कसणाऱ्या कुळांना पिकातला मोठा वाटा खोताला घालावा लागे, वर नाना प्रकारच्या वसुल्या आणि वेठ. खाडी हटवून, बांध घालून जमीन तयार केली ती कुळांनी आणि कागदावर मालक खोत. नारायण नागू पाटील यांनी १९२७ साली कोलाबा प्रांतात, म्हणजे आजच्या रायगडात, शेतकरी संघ उभा केला. त्यांच्यासोबत अनंत चित्रे होते. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीत सभा झाली. आसपासच्या २५ गावांच्या कुळांनी ठरवलं की खोताची जमीन कसायची नाही.

शेतकऱ्याचा संप म्हणजे काय, ते थोडं थांबून बघायला हवं. गिरणी कामगार संपावर गेला की मालकाचं यंत्र बंद पडतं. शेतकरी संपावर गेला की त्याची स्वतःची चूलच बंद पडते. कोठीतलं भात किती दिवस पुरणार? या लोकांनी एक हंगाम सोडला. मग दुसरा सोडला. डोंगरातून लाकूडफाटा आणून विकला, मिळेल तिथे मजुरी केली. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. त्याच वर्षी नारायण नागूंनी 'कृषीवल' हे वर्तमानपत्र काढलं. १९३८च्या जानेवारीत कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चानं धडकले. संप मिटला १९३९ साली. सुमारे सहा वर्षं जमिनी पडीक राहिल्या! पुढे जो कूळ कायदा आला त्याची मुळं शोधत गेलं तर चरीच्या या पडीक खाचरांपाशी पोचता येतं.

सहा वर्षं २५ गावं फुटली कशी नाहीत? नेते मोठे होते हे खरं. भाषणंही झाली असतील. पण भाषणानं पेटलेला माणूस घरी पोरं उपाशी असताना सहा पावसाळे थांबत नाही. मला वाटतं, ही गावं १९३३च्या त्या सभेत बांधली गेलीच नव्हती. ती त्याच्या कितीतरी आधी बांधलेली होती, प्रत्येक उधाणाला, रात्री-बेरात्री, गुडघाभर चिखलात. शेजारचा येईल की नाही हा प्रश्न त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोडवून ठेवला होता. नारायण नागूंनी त्या रांगेला फक्त वेगळं काम दिलं. हा माझा तर्क आहे, इतिहासकारांनी खुशाल खोडावा. पण मुंबईत बसून पत्रकं वाटणाऱ्यांना शेतकऱ्यांची संघटना बांधता येत नाही आणि खाडीकाठच्या एका माणसाला येते, याचं दुसरं उत्तर मला सापडलेलं नाही.

१९७२ची महागाईविरोधी चळवळ घ्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि वेगवेगळ्या पक्षांच्या बायकांनी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती काढली. त्या बायका मोर्चाला लाटणी घेऊन आल्या, थाळ्या बडवल्या. लोकांना आठवतं ते लाटणं. माझ्या लेखी त्यातली खरी बांधणी रॉकेलच्या रांगेत आणि सार्वजनिक नळावर आधीच होऊन गेलेली होती. गोरेगावात मृणालताईंना 'पाणीवाली बाई' म्हणत, ते मोर्चाच्या कितीतरी आधीपासून. किंवा मार्च २०१८ मधला नाशिक ते मुंबई हा शेतकऱ्यांचा लाँग मार्च. १८० किलोमीटर, लाल टोप्या, फोड आलेले पाय. सोमय्या मैदानावर पोचल्यावर कळलं की उद्या दहावीचा पेपर आहे, सकाळी रस्ते अडले तर पोरांचे हाल होतील. दिवसभर चालून आलेली ती हजारो माणसं त्याच रात्री उठून आझाद मैदानाकडे चालायला लागली. मध्यरात्री हजारो दमलेल्या माणसांना 'उठा' म्हटल्यावर ती उठतात, ती नुसती जमवलेली माणसं असूच शकत नाहीत.

आता ती गाय.

बांधणं या क्रियापदाची दुसरी बाजू मराठी माणसानं कधी लपवली नाही. 'पक्ष अमक्याच्या दावणीला बांधला' असं आपण सर्रास म्हणतो. 'नको ते गळ्यात बांधलं' म्हणतो. ज्या जोळीचं मी एवढं कौतुक केलं, तिच्याच मुलखात गावकीनं माणसं वाळीत टाकल्याची प्रकरणं एकामागून एक बाहेर आली. गावकीचा शब्द मोडला, निवडणुकीत दुसऱ्याचं काम केलं, देवळाच्या हिशेबाबद्दल विचारलं, की झालं. दुकानात सामान नाही, मयताला खांदा नाही, लग्नाला भटजी-वाजंत्री नाही. रायगडची ही प्रकरणं इतकी गाजली की त्यानंतर महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. विधिमंडळात तो २०१६ साली मंजूर झाला आणि २०१७ मध्ये लागू झाला. बांधावर न आलेल्या घराची होणारी 'चर्चा' आणि हा बहिष्कार, यांत अंतर किती? फार नाही, हे मान्य करताना मला जड जातं. एका खटल्याची बातमी माझ्याच टेबलावरून गेली होती. त्यातली आडनावं वाचून मी ती दुसऱ्या सहकाऱ्याकडे सरकवली, कारण दोन्ही बाजूंची माणसं मला नात्यात लागत होती.

तेव्हा गाठ घट्ट बसली म्हणजे झालं, असं नाही. ती कोण सोडू शकतो हेही बघावं लागतं. संपात गाव बांधलं गेलं ते खोताविरुद्ध, आणि संप मिटल्यावर माणसं आपापल्या खाचरात भात लावायला मोकळी झाली. गावकीची गाठ सोडायची कधी हे कुणी ठरवलेलंच नसतं, आणि ती सोडण्याचा हक्क पाच-सात म्हाताऱ्यांच्या हातात असतो.

म्हणून 'मोट सुटली' या मथळ्याबद्दल माझं वेगळं मत आहे. आम्ही डेस्कवर तो कुत्सितपणे द्यायचो. विरोधकांची मोट सुटली, म्हणजे बघा, हे लोक कधी एकत्र नांदायचेच नाहीत. संयुक्त महाराष्ट्र समितीकडे बघा. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी ती स्थापन झाली तेव्हा तिच्यात प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्युल्ड कास्ट फेडरेशन असे एकमेकांशी न पटणारे लोक होते. एस. एम. जोशी आणि डांगे एका व्यासपीठावर, शेजारी अत्रे, शेजारी प्रबोधनकार ठाकरे. यांच्या एकेकाच्या स्वभावाचा विचार केला तरी बैठकीचा चहा कसा पार पडत असेल असा प्रश्न पडतो. पण १९५७च्या निवडणुकीत या मोटेनं मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला घाम फोडला, आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. त्यानंतर समिती फार काळ टिकली नाही. याचं पुष्कळांना वाईट वाटतं, समिती राहिली असती तर राज्याचं राजकारण वेगळं झालं असतं, वगैरे. असेलही. पण ओझं मुक्कामाला पोचल्यावर गाठोडं सोडतात, त्यात गाठीचा दोष कसला?

खारेपाटात आता बांधाची जबाबदारी सरकारकडे आहे. स्वातंत्र्यानंतर लगेच खार जमिनींचा कायदा आला, पुढे १९७९चा खारभूमी विकास कायदा आला, आणि बांधदुरुस्तीसाठी खातं झालं. हेतू चांगलाच होता. माणसांनी फुकट का राबायचं? पण खांड जाते रात्री आणि अंदाजपत्रक मंजूर होतं पुढच्या आर्थिक वर्षात. तोवर खारं पाणी आत-बाहेर करत राहतं आणि त्या शेतात कांदळवन उगवतं. कांदळवन एकदा उगवलं की त्याला कायद्याचं संरक्षण, तोडता येत नाही. तेही बरोबरच, पण ज्याचं शेत गेलं त्याला हे समजावून सांगायला कुणी जात नाही. मामेभाऊ सांगतो, आता बांध फुटला की पोरं आधी व्हिडिओ काढतात. तो टोमणा म्हणून सांगतो, पण त्या पोरांचं काय चुकलं? बांध साहेबांचा आहे, मग साहेबांना दाखवायला व्हिडिओच लागणार. गावातली निम्मी तरणी माणसं सकाळच्या लाँचनं आणि एसटीनं मुंबईला जातात. चिखलाचा गोळा कापायचा कसा, हे माहीत असलेले हात हळूहळू संपत चाललेत.

मी स्वतः राहतो ठाण्याच्या पलीकडे, सात मजल्यांच्या इमारतीत. इथे बांध नाही, पण पाणी आहे. म्हणजे पाणी नाही हा प्रश्न आहे. तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात नळाला करंगळीएवढी धार यायला लागली आणि टँकरवर सोसायटीचा पैसा वाहू लागला. सेक्रेटरींनी ग्रुपवर निरोप टाकला : पाणी खात्याच्या कार्यालयावर जायचे आहे, सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे ही नम्र विनंती. त्याखाली अंगठ्यांची माळ लागली. प्रत्यक्ष गेटवर आले सेक्रेटरी, मी आणि वॉचमन, आणि वॉचमन तर तिथेच असतो.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकू उठल्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, गुडघ्यांचं दुखणं असलेल्या बाई. वही घेऊन त्या रोज संध्याकाळी एकेक मजला करू लागल्या. 'याल ना?' हे त्यांनी कुणालाच विचारलं नाही. तळमजल्यावरच्या आजोबांना म्हणाल्या, तुम्ही दिवसभर गॅलरीत बसता, टँकर कधी आला, किती वाजता गेला, पावती किती लिटरची, एवढं या वहीत मांडा. पाचव्या मजल्यावरच्या मुलाला रोज सकाळी साडेसहाला नळाच्या धारेचा फोटो काढायला लावला, शेजारी बादली आणि घड्याळ ठेवून. एकीला जुनी पाणीबिलं शोधायला सांगितली, एकाला अर्जाचा मसुदा लिहायला. सोसायटीत कुणाशीच न बोलणारे एक गृहस्थ आहेत, पार्किंगवरून सगळ्यांशी भांडलेले. त्यांच्याकडे काकू गेल्या आणि म्हणाल्या, रिक्षांचं तुम्ही बघा, तुम्ही असल्यावर कुणी उशीर करणार नाही. माझ्या वाट्याला आलं अर्जाचं शुद्धलेखन. मी जरा दुखावलो, पण केलं.

ठरल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक घरातून कुणी ना कुणी आलं. ज्याचा कागद फाइलीत होता, त्याला तो साहेबासमोर वाचला जाताना बघायचा होता. साहेबांनी आधी नेहमीची टोलवाटोलवी केली. मग आजोबांनी टँकरची वही उघडली आणि तारीखवार वाचायला सुरुवात केली. ते सावकाश वाचतात. दुसरं पान उलटेपर्यंत साहेबांनी कनिष्ठ अभियंत्याला आत बोलावलं. पंधरवड्यात वाहिनीवरचा व्हॉल्व्ह बदलला गेला. पाणी भरपूर येतं असं नाही म्हणणार, पण येतं.

काकूंनी त्यानंतर पाण्याचा ग्रुप बंद केला. रिक्षाचे उरलेले पैसे घरटी सुट्टे करून परत दिले, वहीत सह्या घेतल्या आणि 'काम झालं' असा शेवटचा निरोप टाकून एकेकाला ग्रुपमधून काढून टाकलं. पुष्कळांना ते लागलं. इतकी छान एकी झाली होती, काकूंनी मोडून टाकली, अशी कुजबुज झाली. आठवड्याभरात पार्किंगवाल्या गृहस्थांनीच पुढाकार घेऊन त्याच माणसांचा नवा ग्रुप काढला, नावात 'परिवार' घालून. त्यावर रोज सकाळी सुप्रभातच्या फुलांचे ताटवे येतात. काकू त्यात नाहीत. मागच्या महिन्यात लिफ्ट बंद पडली तेव्हा 'परिवारा'त तीन दिवस अंगठे पडत राहिले. चौथ्या दिवशी काकू वही घेऊन माझ्या दारात उभ्या होत्या. या खेपेलाही शुद्धलेखनच.